पेटी, परदेश आणि बी-३०४

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर झालेल्या सभासदांच्या भाषणांपैकी हे एक. वक्ते बी-४०४ मधील रहिवासी असून बँकेतील नोकरी सांभाळून गेली अनेक वर्षे संवादिनीवादन करतात. भाषणातील बोली शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सेक्रेटरी मला म्हणाले, "तुम्ही परदेशात एकट्याने कार्यक्रम करून आलात, त्यावर बोला. मुलं ऐकतील." मी म्हटलं, वाजवायला सांगा, बोलायला नको. ते म्हणाले, "वाजवताना तुम्हाला आम्ही वीस-पंचवीस वर्षं ऐकतोच आहोत." यात कौतुक किती आणि तक्रार किती, ते मी विचारलं नाही. पण आज मी जे सांगणार आहे त्याचा त्या वाक्याशी संबंध आहे.

आधी परदेशाचं सांगतो. २०१८ साली, दिवाळीच्या आसपास, मी चोवीस दिवसांची रजा काढून इंग्लंड आणि जर्मनीला गेलो. सात कार्यक्रम केले. दोन लंडनला, पाच जर्मनीत. त्यातले निम्मे लोकांच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत होते. तेव्हा "परदेश दौरा" म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, ते कृपया पुसून टाका. मोठी सभागृहं नव्हती, गळ्यात हार नव्हते. मी, माझी पेटी आणि एक चाकांची बॅग.

एकटा का गेलो? मुलं विचारतात म्हणून सांगतो. उत्तर सोपं आहे. एकटाच परवडत होतो. मी जन्मभर साथीला वाजवत आलो. गायक पुढे, तबलजी उजवीकडे, मी डावीकडे. पण तिघांना न्यायचं म्हणजे तीन व्हिसे, तीन तिकिटं, तीन माणसांचा मुक्काम. बोलावणारे म्हणाले, "तुम्ही एकटे आलात तर जमेल." तेव्हा बायकोने विचारलं, "नुसती पेटी तासभर कोण ऐकणार?" प्रश्न चूक नव्हता. पेटी ही साथीची, असंच आपण धरून चालतो. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशा मोठ्या लोकांनी एकल वादनाला मान मिळवून दिला. पण मी त्यांच्या पंक्तीतला नाही, हे मलाही माहीत होतं आणि घरच्यांना त्याहून जास्त.

तयारीचे चार शब्द बोलतो, कारण आपल्या सोसायटीतली दोन-तीन मुलं गिटार-बासरी घेऊन बाहेर जाण्याच्या गोष्टी करताहेत. पहिलं म्हणजे कागद. इंग्लंडचा व्हिसा वेगळा, युरोपचा शेंगेन व्हिसा वेगळा. फिरायला गेलो आणि जाता जाता पैसे घेऊन वाजवलं, असं चालत नाही. मी गेलो तेव्हा इंग्लंडमध्ये याला 'परमिटेड पेड एंगेजमेंट' म्हणायचे. तेव्हा तिथल्या संस्थेचं निमंत्रण आधी हातात लागायचं, मुक्काम महिन्याच्या आत असावा लागायचा. शेंगेनसाठी निमंत्रण, राहण्याची सोय आणि किमान तीस हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. नियम बदलत राहतात, म्हणून दरवेळी वकिलातीच्या साइटवरून वाचायचे, मित्राच्या सांगण्यावरून नव्हे. दुसरं म्हणजे, वाद्याची खरेदीपावती जवळ ठेवायची आणि किमती वाद्य असेल तर निघताना आपल्याच कस्टम्सकडून ते बाहेर नेत असल्याचा दाखला घ्यायचा. नाहीतर परत येताना आपलंच वाद्य आपण तिकडून विकत आणलं नाही, हे पटवत बसायची वेळ येते.

आणि तिसरं, पेटीची तब्येत. पेटी लाकडाची, भात्याला चामडं, आत पितळी सूर. पावसाळ्यात आपल्या डोंबिवलीच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात, ते सगळ्या भजनी मंडळांना माहीत आहे. तिकडे थंडीत उलटं होतं. घराघरात हीटर, हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आकसतं, फटी पडतात, भात्यातून वारा गळायला लागतो. विमानातून उतरल्यावर पेटी लगेच उघडायची नाही, खोलीच्या हवेला सरावू द्यायची, हे माझ्या गुरुजींनी बजावलं होतं. मी एक छोटी डबी भरून घेतली होती: बारीक स्क्रू ड्रायव्हर, चामड्याचे तुकडे, गोंद, कागदाच्या पट्ट्या, ब्लेड. ती सामानात टाकायची, हातातल्या बॅगेत नाही. नाहीतर सिक्युरिटीवाले काढून घेतात.

एवढं करूनही जे व्हायचं ते झालंच. लंडनहून म्युनिकला पोचलो, पेटी उघडली आणि पांढरी चार मुकी. मी काळी एकमध्ये वाजवतो. काळी एकचा शुद्ध गंधार म्हणजे पांढरी चार. गंधार नाही तर यमन नाही, भूप नाही, निम्मे अभंग नाहीत. पट्टीखालचा सूर तडकला होता. प्रवासात कुठे आपटली, कुणी आपटली, देव जाणे. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. साथीला असतो तर तो स्वर टाळून कसंतरी निभावलं असतं. गायकाने गंधार लावलाच असता. एकट्याचं तसं नसतं. जे माझ्याकडे नाही, ते त्या खोलीत कुणाकडेच नाही.

ज्यांच्याकडे उतरलो होतो ते मराठी कुटुंब, नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी. त्यांनी फोनाफोनी करून एक अकॉर्डियन दुरुस्त करणारे आजोबा शोधून काढले. मी पेटी घेऊन गेलो. त्यांना इंग्रजी बेताचं, मला जर्मन शून्य. त्यांनी झाकण उचललं, सुरांची रांग पाहिली आणि हसले. मग कोपऱ्यातली एक चादर बाजूला केली. खाली एक जुना, पायाने भाता मारायचा हार्मोनियम, अर्धा उघडलेला. त्यांनी त्यातला एक सूर काढला, कानसने घासून माझ्या पेटीत बसवला, ट्यूनरवर स्वर जुळवला. दोन तास लागले. चाळीस युरो घेतले, पावतीसकट.

मुलांनो, ही पेटी मुळात तिकडचीच. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबॅं या कारागिराने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. मिशनऱ्यांबरोबर ती आपल्याकडे आली. खुर्चीवर बसून पायाने वाजवायचं ते वाद्य. आपल्या माणसाला मांडी घालून बसायचं होतं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता मारायची पेटी घडवली आणि मग ती कीर्तनात, नाटकात, तमाशात, भजनात सगळीकडे घुसली. पुढे तिच्यावरही बंदी आली होती. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. हिला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, ही परकी, असं म्हणणारे मोठमोठे लोक होते. आजही जुन्या पेटीवाल्यांना विचारा, 'जर्मन सूर', 'पॅरिस सूर' म्हणून अभिमानाने दाखवतील. तर माझ्या पेटीत आता एक सूर खरोखरच जर्मनीहून आला. पांढरी चार. आजही तोच आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

म्युनिकला पोचलो तो शनिवार. त्या आजोबांकडून पेटी बरी होऊन आली ती संध्याकाळी. कार्यक्रम रविवारी पाच वाजता, त्याच कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत. रविवारी सकाळी घरातले बाहेर गेले होते. मी म्हटलं, नवा सूर बसवलाय, हात फिरवून घेऊ. दहाला बसलो. सगळे स्टॉपर उघडले आणि चांगला दणकून दीड तास वाजवलं. जेवलो. एक वाजता परत बसलो. दीडच्या सुमारास दारापाशी पावलं वाजली, बेल नाही. दार उघडून बघतो तर खाली एक घडी केलेला कागद. जर्मनमध्ये, सुवाच्य अक्षरात, चार ओळी.

यजमान आले तेव्हा त्यांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी लिहिलं होतं. आज रविवार आहे, शिवाय दुपारची विश्रांतीची वेळ आहे. मी हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करून आले आहे. तुमच्याकडे पाहुणे आहेत हे समजतं. कृपया विचार करावा.

तिकडे याला 'रुहेत्साइट' म्हणतात, शांततेची वेळ. रात्री दहा ते सकाळी सहा, रविवारी जवळजवळ दिवसभर आणि पुष्कळ इमारतींच्या नियमात दुपारी एक ते तीन. आपल्या उपविधींसारखे त्यांचेही घरनियम असतात, जिन्यात लावलेले. यजमान म्हणाले, "दादा, अहो नुकताच मोठा निकाल लागलाय यावर." आणि त्यांनी मला तो समजावून सांगितला. आपल्या सोसायटीच्या कामाचा आहे म्हणून मीही सांगतो.

म्युनिकजवळ आउग्सबुर्ग नावाचं शहर आहे. तिथे एक माणूस नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायचा आणि घरी रियाज करायचा. शेजारचं जोडपं कोर्टात गेलं. खालच्या कोर्टाने त्याला जवळजवळ पोटमाळ्यात कोंडलं, तेही आठवड्याला मोजके तास. तो वर गेला. २६ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे मी तिथे पोचायच्या थोडेच दिवस आधी, कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला. घरात वाद्य वाजवणं हा जगण्याचा भाग आहे, ते सरसकट बंद करता येणार नाही. ढोबळमानाने कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि रविवारी-सणावारी एक-दोन तास चालेल. पण दुपारची आणि रात्रीची विश्रांती पाळायची. आणि शेजारी कुणी फार आजारी असेल, तर तेही बघायचं. धंदेवाईक वादक आणि हौशी वादक, दोघांना नियम सारखाच.

म्हणजे देशाच्या सर्वोच्च कोर्टाला बसून ठरवावं लागलं, की भिंतीच्या अलीकडचा किती वाजवणार आणि पलीकडचा किती ऐकणार. मला आधी हसू आलं. मग आलं नाही.

कारण तो कागद हातात धरून मी त्या परक्या घरात उभा होतो आणि मला आपली ही गच्ची दिसत होती. २००४ सालची वार्षिक सर्वसाधारण सभा. जे तेव्हा होते त्यांना आठवत असेल. जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो.

मी बँकेतून साडेसातला घरी यायचो आणि आठ ते दहा रियाज करायचो. माझ्या खाली बी-३०४. तिथले काका रेल्वेत मोटरमन. हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं, मलाही. काका दोनदा वर येऊन म्हणाले होते, "बाबा, माझी पहाटेची ड्युटी असली की आठला झोपावं लागतं. त्या दिवशी जरा लवकर आटप ना." मी दोन्ही वेळा "बघतो" म्हटलं आणि काही बघितलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी कमिटीला पत्र दिलं. विषय सभेपुढे आला. मी उभा राहिलो. रात्री दहापर्यंत वाजवायला कायद्याची हरकत नाही, मी लाउडस्पीकर लावत नाही, ही साधना आहे, असं बरंच बोललो. टाळ्याही पडल्या. आणि त्या टाळ्यांच्या भरात मी म्हणालो, "गाढवाला गुळाची चव काय!"

लोक हसले. काका हसले नाहीत. काही बोललेही नाहीत. खुर्चीवर बसून राहिले आणि सभा संपल्यावर खाली गेले.

या स्मरणिकेसाठी आपल्या सेक्रेटरींनी जुनी इतिवृत्तं काढली होती. मी मुद्दाम ते पान बघितलं. त्यात लिहिलंय, "बी-३०४ व बी-४०४ यांच्यातील वाद्यवादनाबाबत चर्चा झाली. सभासदांनी परस्पर सामंजस्याने मार्ग काढावा असे ठरले." बस. गाढव नाही, गूळ नाही. पण ज्याला बोललं गेलं त्याच्याकडे स्वतःचं इतिवृत्त असतं.

मग मार्ग निघाला का? निघाला, पण माझ्या शहाणपणाने नाही. माझी आई तेव्हा होती. तिने पेटीखाली दुहेरी घडीची गोधडी घातली आणि म्हणाली, "एकच सूर उघडून वाजव. नाहीतर मी पेटी माळ्यावर टाकते." माझ्या पेटीत खर्ज आणि नर असे दोन सूर आहेत. दोन्ही एकदम बोलले की घर भरतं. खर्ज बंद करून नुसता नर, तोही हळू भात्यावर, म्हटलं तर पेटी कुजबुजते. मी चिडून तसं वाजवायला लागलो. चिडून, हे लक्षात घ्या. काकांसाठी नव्हे. वर्षानुवर्षं तसाच रियाज झाला आणि कार्यक्रमाला गेलो की त्याचा वचपा काढल्यासारखा दणकून वाजवायचो.

त्या रविवारी मी यजमानीणबाईंबरोबर खाली गेलो. बेल नाही वाजवली, त्या झोपल्या असतील म्हणून. त्यांच्याच कागदाच्या मागे यजमानीणबाईंनी माझ्यातर्फे लिहिलं, चुकलं, माफ करा, संध्याकाळी पाच ते साडेसहा एवढाच कार्यक्रम आहे, तोही हळू आवाजात, आणि आपण यावं. दाराखालून सरकवला.

पाच वाजता पंचवीसेक माणसं जमली. निम्मी मराठी, निम्मी तिथली. माइक नाही. तबला नाही. फोनवर तानपुरा लावला, तोही अगदी बारीक. आणि खाली कुणीतरी रात्रपाळीचं माणूस आहे हे डोक्यात ठेवून मी खर्जाचा स्टॉपर बंद केला. नुसता नर उघडला. यमन सुरू केला.

एकट्याने वाजवणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. साथीत शांतता तुमची नसते. गायक थांबला तर तुम्ही भरता, तुम्ही थांबलात तर तबला चालू असतो. एकटे असलात की तुम्ही थांबलात म्हणजे खरोखर सगळं थांबतं. पहिल्या दोन कार्यक्रमांत, लंडनला, मी त्या शांततेला घाबरलो होतो. सारखा भरत होतो. तान, पलटे, झाला, जे येतं ते सगळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या निरोपाच्या टाळ्या होत्या. इथे हळू वाजवायचं म्हटल्यावर भरायला काही नव्हतं. गंधारावर, त्या उसन्या सुरावर, थांबलो. भाता संपेपर्यंत थांबलो. खोलीतल्या माणसांचा श्वास ऐकू येत होता. आणि माझ्या लक्षात आलं, की हे मला येतं. चौदा वर्षं गोधडीवर ठेवून, एकच सूर उघडून, रागारागाने मी नेमकं हेच शिकलो होतो. लांबच्या माणसाला ऐकू जाईल असं सगळ्यांनाच वाजवता येतं. जवळच्या माणसाला त्रास होणार नाही असं वाजवायला मला काकांनी लावलं होतं.

दुसऱ्या भागात अभंग घेतले. तबला नाही म्हणून भजनी ठेका लोकांनाच शिकवला, आठ मात्रा, मांडीवर हलके हात. पहिल्यांदा जर्मन मंडळी चुकली, मग मराठी मंडळी चुकली. मजा आली. खालच्या बाई आल्या का, असं तुम्ही विचाराल. नाही आल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या, मान हलवली, एक वाक्य बोलल्या. यजमानीणबाईंनी सांगितलं, त्या म्हणाल्या, "काल झोप झाली." मला तेवढं पुरलं.

उरलेल्या दिवसांत मी एक गोष्ट बघत राहिलो. म्युनिकच्या जुन्या शहरात रस्त्यावर वाजवायचं असेल, तर आधी पालिकेच्या कचेरीत थोडं वाजवून दाखवावं लागतं, मग त्या दिवसापुरता परवाना मिळतो, तोही मोजक्याच लोकांना. लाउडस्पीकर चालत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेतही २००३ पासून परवान्याची पद्धत आहे. निवड होते आणि ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळीच उभं राहायचं. मी स्वतः रस्त्यावर वाजवलं नाही, माझ्या व्हिसात ते बसत नव्हतं. पण एका थंड सकाळी एक बाई एकटी व्हायोलिन वाजवत होती, ते उभा राहून ऐकलं. माणसं समोरून चालली होती, कुणी थांबत नव्हतं. तिची काही तक्रार दिसत नव्हती. ती ज्यांच्यासमोर वाजवत होती, ते तिच्यासाठी आलेच नव्हते. आपल्याकडे सभागृहात तिकीट काढून आलेला तो श्रोता, आणि भिंतीपलीकडचा, बिनतिकिटाचा, न बोलावलेला, तो फक्त तक्रारदार, असं मी धरून चाललो होतो. हिशेब उलटा आहे. रोज ऐकणारा तोच. मी सभागृहात आयुष्यभरात जेवढे तास वाजवलं असेन, त्याच्या कितीतरी पट बी-३०४ ने ऐकलंय. न मागता.

परत आलो ते नोव्हेंबरअखेर. चॉकलेटचा डबा घेऊन खाली गेलो. काका तोवर रिटायर झाले होते. काकूंनी चहा टाकला. मी बरीच प्रस्तावना करून एकदाची माफी मागितली. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला गाण्याचा राग नव्हता रे. पहाटे पहिली गाडी काढायची असायची. पाठीमागे हजारो माणसं. सिग्नलला डोळा लागला तर?" एवढंच. मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्या सभेनंतर मी आठ दिवस जिन्यात खाली बघून चाललो."

मुलांनो, ते हजारो लोक म्हणजे कोण? आपणच. पहाटेची डोंबिवली लोकल पकडणारे. मीसुद्धा कार्यक्रमाहून परतताना कितीदा पेटी घेऊन लगेजच्या डब्यात बसलोय. पुढे कोण गाडी चालवतंय, तो काल रात्री झोपला होता का, हा विचार कधी मनात आला नाही. आणि ज्याला झोपू दिलं नाही, तो माझ्या खालीच राहत होता.

तेव्हा घरी माफी मागून झाली. काकांनी केली म्हणाले. पण मला एक गोष्ट टोचत राहिली. अपमान मी भर सभेत केला, शंभर माणसांसमोर. आणि माफी मागितली बंद दाराआड, चहा पीत. बँकेत होतो म्हणून सांगतो, या दोन नोंदी जुळत नाहीत. आज तीच गच्ची आहे, बरीचशी तीच माणसं आहेत आणि काका तिसऱ्या रांगेत काकूंबरोबर बसलेत. काका, उठू नका, बसा.

काका, २००४ साली याच जागी मी तुम्हाला जे बोललो, ते चूक होतं. चव मलाच नव्हती. सगळ्यांसमोर माफी मागतो. सेक्रेटरीसाहेब, हे इतिवृत्तात घ्या.

शेवटी एकच सूचना करतो, भाषण संपवतो. आज आपल्याकडे ए-विंगमध्ये गिटार शिकणारा मुलगा आहे, सी-विंगमध्ये रात्रपाळी करणारी नर्स आहे. घरून काम करणारे, रात्री अमेरिकेशी बोलणारे आहेत, बारावीची मुलं आहेत. मला वाजवणाऱ्यावर बंदी नको आणि तक्रार करणाऱ्याची टिंगलही नको. लिफ्टजवळच्या बोर्डावर एक कागद लावू. एका बाजूला वाजवणाऱ्यांनी आपली वेळ लिहायची, दुसऱ्या बाजूला ज्यांना झोप हवी त्यांनी आपली वेळ लिहायची. कारण लिहायची सक्ती नको. कोर्टाशिवाय, सभेशिवाय, दाराखालच्या कागदाशिवाय भागेल. परदेशात एकट्याने जाऊन वाजवायचं असेल, तर मुलांनो, त्याची पहिली परीक्षा इथे आहे, तुमच्या खालच्या मजल्यावर. तिथे पास झालात तर म्युनिकला काही अडत नाही. फार तर एखादा सूर तडकेल, तो दुरुस्त होतो.

सव्वानऊ झालेत. सेक्रेटरी म्हणताहेत, थोडं वाजवा. एक अभंग वाजवतो. खर्ज बंद, नुसता नर. ठेका तुम्ही धरायचा, हलक्या हाताने. साडेनऊला संपवतो.